नवी गाठ

तुमचा डावा हात ते हातात घ्यायचे, बाही कोपरावर सारायचे, हात उजेडाकडं वळवायचे आणि मग स्वतःचे डोळे मिटून घ्यायचे. उजव्या हाताचं पहिलं बोट कातडीवरून कडेकडेनं आत सरकत यायचं. मध्येच थांबायचं. तिथं बॉलपेननं एक टिंब. मग पलीकडच्या कडेनं पुन्हा तसंच, आणि दुसरं टिंब. तेव्हा कुठं डोळे उघडायचे. खिशातली पारदर्शक पट्टी दोन टिंबांवर ठेवून ते आकडा पुटपुटायचे.

"डोळ्याचं ऐकायचं न्हाय," म्हणायचे. "डोळा लाल बघून भितो. टणक किती हाय ते बोटालाच कळतं."

आकडा मिलिमीटरचा; दहा किंवा वर असला तरच धरायचा. क्षयाचा रोगी सापडला की त्याच्या घरातल्या सगळ्यांच्या हातावर, कातडीच्या आत, एक थेंब औषध टोचायचं. आणि बरोबर तिसऱ्या दिवशी तिथं गाठ आली का, आली तर केवढी, ते मोजायचं. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा टोचायचं, पुन्हा मोजायचं. एवढीच त्यांची सरकारी नोकरी.

त्या वेळी मी आमच्या गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मुरुम या बाजारगावापासून दोन कोसांवर आमचं गाव. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. माणसं रोजगार हमीवर खडी फोडायला जायची आणि ज्याच्या दावणीला एखादी म्हैस टिकली होती, त्याची चूल तिच्या दुधावर पेटायची. सकाळी मुरुमहून रिकामे कॅन घेऊन गाडी यायची. तिच्यातून हे उतरायचे. वय पन्नाशीचं, अंगानं काटकुळे, गळ्यात थर्मास, हातात पत्र्याची पेटी. थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात औषधाची बाटली.

तुम्ही म्हणाल, असा रोगराईत फिरणारा माणूस धीट असणार. माझ्या पाहण्यातला हा सगळ्यांत भित्रा माणूस. बर्फ वितळेल म्हणून भ्यायचा. गाडी चुकेल म्हणून भ्यायचा. सगळ्यांत जास्त भ्यायचा तिसऱ्या दिवसाला. त्या दिवशी टोचलेला माणूस कामावर गेला, पाहुण्यांकडं गेला, तर मोजणी हुकायची. खडीच्या ढिगाऱ्यांवरून एकेकाला हाका मारत भर उन्हात फिरताना मी त्यांना पाहिलंय.

गावानं आधी त्यांना जमीन मोजणीवालेच समजलं. पट्टी बघून एक म्हातारा त्यांना थेट शेतात घेऊन गेला. "भावकीनं दोन हात बांध कोरलाय, मोजून द्या," म्हणाला. हे निमूट गेले, बांध पाहिला, सगळी तक्रार ऐकून घेतली आणि म्हणाले, "बाबा, माझी पट्टी लई लहान हाय. तुमच्या हाताला पुरंल, बांधाला न्हाय पुरायची." तेव्हापासून ते गावाचे 'मोजणीवाले' झाले. मी त्यांना साहेब म्हणायचो. "साहेब तिकडं उस्मानाबादला बसत्यात. म्या पायी फिरणारा," असं त्यावरचं त्यांचं ठरलेलं उत्तर.

ते बौद्ध होते. सोसायटीच्या ओसरीत माझ्या शेजारी बसून ते चहा प्यायचे, पण त्यांचा कप वळचणीला वेगळा असायचा. पिऊन झाला की ते तो स्वतः विसळून वर ठेवायचे. हे मी तेव्हा रोज पाहत होतो आणि मला त्यात काही वाटत नव्हतं. लिहिताना वाटतंय, म्हणून लिहितोय.

आमच्या गल्लीत शांताबाईचं घर. तिचा नवरा काशिनाथ हमीच्या कामावर खडी फोडायचा. एके दिवशी खोकता खोकता त्याच्या तोंडातून रक्त पडलं. मुरुमच्या दवाखान्यात बेडका तपासला, त्यात जंतू निघाले. त्याचं औषध सुरू झालं आणि लगेच मोजणीवाले त्याच्या घरी आले. सासू, शांताबाई आणि तीन पोरं, पाचही जणांना टोचलं. सगळ्यांत धाकटा बाळू, तीन वर्षांचा.

"तीन दिस हाताला इसरून जावा," त्यांनी सांगितलं. "चोळू नका, चुना लावू नका, कुणाला दाखवू नका."

पण कोण विसरणार? तिसऱ्या दिवशी सासूच्या आणि शांताबाईच्या हातावर मोठ्या बोरासारख्या गाठी आल्या. पोरांच्या हातावर काही नाही. शांताबाई दूध घालायला आली तेव्हा पदराखालून तो हात दिसला आणि रांगेतली बायामाणसं हातभर मागे सरकली.

दुपारी चेअरमन आले. "सेक्रेटरी, त्या घरचं दूध नको. उद्या वरनं सगळ्या गावाचंच दूध परत आलं म्हंजे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाई किटली घेऊन उभी राहिली. मी मापाला हात लावला नाही. "थोडे दिवस थांबा," म्हणालो.

"म्हशीला न्हाय झालं, दादा," ती म्हणाली.

मी खाली मान घालून पुढच्या माणसाचं दूध मापलं. ती किटली घेऊन परत गेली. चारपाच दिवस तिनं ते दूध पोरांना पाजलं, उरलं त्याचं दही लावलं. मग म्हैस विकली.

मोजणीवाल्यांना हे कळलं तसे ते माझ्यासमोर येऊन बसले. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज चढलेला मी कधीच ऐकला नाही.

"सेक्रेटरी, गाठ म्हंजे आजार न्हाय. जंतू कधीतरी आत जाऊन बसलाय, एवढीच ती खूण. ह्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना टोचलं तर गाठी येतील. तुमाला येईल. मला तर हायच." त्यांनी बाही वर करून हात दाखवला. "जुन्या गाठीला म्या भीत न्हाय. पयल्या खेपेला ज्याच्या हाताला काय नव्हतं आन् दुसऱ्या खेपेला आली, त्या गाठीला भितो. ती नवी असती. त्यात ल्हान लेकरू असलं, तर लई भितो. नवी गाठ वेळेत घावली, तर गोळ्या देता येतात. त्यासाठी त्या बाईनं मला दुसऱ्यांदा दारात येऊ दिलं पायजे."

मी चेअरमनचं नाव पुढं केलं. खरं म्हणजे भीती माझीही होती, आणि ती वेगळीच होती. ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

आमच्या घरात आबा, म्हणजे माझे वडील, खोकत होते. आधी मी त्याला थंडीचा खोकला म्हटलं, मग दमा म्हटलं. सदऱ्याच्या आत छाती खोल गेलेली मला दिसत होती. पण सगळ्या गावाचं दूध माझ्या हातून जायचं. काशिनाथच्या बायकोचं दूध मी नाकारलेलं. आता आबांना तपासायला न्यायचं म्हणजे स्वतःच्याच तोंडानं स्वतःला रांगेतून बाहेर काढायचं. मी आबांना ओसरीतून मागच्या खोलीत हलवलं. खोकला बाहेर ऐकू येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली. माझी चार वर्षांची मुलगी नंदा त्यांची लाडकी. ती त्याच खोलीत खेळायची, त्यांच्याच वाकळेत झोपायची.

दोन महिन्यांनी मोजणीवाले दुसऱ्या खेपेसाठी शांताबाईच्या दारात गेले. ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"एकदा टोचलं तर दूध बंद झालं. आता टोचून काय बंद करताव? हिरीचं पाणी?"

"बाई, तुझ्या लेकरांसाठी म्हणतोय."

"माझ्या लेकरांसाठीच न्हाय म्हणते."

तीन सकाळी ते तिच्या दारात गेले. तीनही दिवस सोसायटीच्या ओसरीतून मी बघत होतो. मी उठून गेलो असतो, 'बाई, उद्यापासून दूध घाला' म्हणालो असतो, तर तिनं दार सोडलं असतं. म्हैस गेली होती, तरी तेवढ्या शब्दानं सोडलं असतं असं मला आजही वाटतं. मी उठलो नाही. चौथ्या दिवशी त्यांनी पेटी उचलली आणि गाडीत बसले.

पुढच्या महिन्यात बाळूला ताप आला. रोज थोडाथोडा, आठ-दहा दिवस. मग उलट्या. पोरगं दिवसभर झोपून राहायला लागलं. हाक मारली तर डोळे उघडायचं, पण ओळख नसायची. मान वळेना. मोजणीवाल्यांनी त्याला पाहिलं आणि दुधाच्या गाडीतच शांताबाईसकट बसवलं, स्वतःही बसले. मुरुमहून उमरगा, उमरग्याहून सोलापूर. गाडी सुटताना कॅनांच्या मधोमध बसलेली शांताबाई मला दिसली. तिच्या मांडीवर बाळूचं डोकं गाडीच्या प्रत्येक हिसक्याला इकडून तिकडं लोळत होतं. तो रडत नव्हता. पोर रडत नाही, याची मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. मागच्या खोलीतून आबांचा खोकला आणि नंदाचं हसू एकदमच ऐकू आलं. ती त्यांच्या पाठीवर बसून त्यांच्या खोकल्याची नक्कल करत होती.

तसाच मागे फिरलो आणि मुरुमला चालत गेलो. मोजणीवाले तिथं एका पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहायचे. ते नुकतेच सोलापूरहून परतले होते, पायसुद्धा धुतले नव्हते.

"आबा खोकतात," मी म्हणालो.

"किती दिस?"

"चार महिने. जास्तच."

ते पेटीवर बसले. मग विचारलं, "पोरगी कुणापाशी झोपती?"

"आबांपाशी."

मला वाटलं आता ते मला शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "खिडकी हाय त्या खोलीला?"

"मी लावून घेतली."

"जावा. आधी ती उघडा. उद्या आबांना घिऊन या."

आबांच्या बेडक्यात जंतू निघाले. रोज सुई आणि गोळ्या सुरू झाल्या. माझी बायको विमल हिनं त्याच दिवशी आबांचं ताट, तांब्या, कप, सगळं वेगळं केलं आणि ओसरीच्या कोपऱ्यात मांडलं. मोजणीवाले आम्हाला टोचायला आले तेव्हा त्यांनी ते पाहिलं.

"ह्यानं काय थांबत न्हाय, सेक्रेटरी. खोकताना त्यांच्या तोंडाला कापड पायजे आन् खोलीला वारं पायजे. वेगळ्या कपाची मला जन्माची सवय हाय. आबांना ह्या वयात कशाला लावता?"

विमलनं खाली बघितलं. आबांचा कप तिनं उचलून घरात नेला. त्या दिवशी चहा आला तो चौघांना सारख्या कपांत. मोजणीवाल्यांनी कपाकडं पाहिलं, आमच्याकडं नाही. पिऊन झाल्यावर सवयीनं विसळायला उठले, तर विमलनं तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी माझ्या हाताला गाठ, विमलच्या हाताला गाठ, नंदाच्या हाताला काही नाही. मी मोठ्यानं हसलो. ते हसले नाहीत.

"अजून आपली फिकीर संपली न्हाय. आत गेलेला जंतू हातावर दिसायला वखत लागतो. दोन म्हयने धरा."

ते दोन महिने मी कसे काढले, ते सांगता येणार नाही. कॅन धुताना, फॅट काढताना, माझं लक्ष नंदाच्या कपाळाकडं. ती जरा जास्त झोपली की मी तिला हलवून जागी करायचो. विमल म्हणायची, "अवो, झोपू द्या की लेकराला." ती शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघायचो. आबा लांबूनच तिला बघायचे. ती त्यांच्याकडं धावली की तेच हात पुढं करून, "तिकडं, तिकडं खेळ माय," म्हणायचे आणि भिंतीकडं तोंड वळवायचे.

आणि गावाला मी अजून काहीच सांगितलं नव्हतं. पूर्ण बाहीचा सदरा घालून मी रोज दूध मापत होतो.

बाळू सोलापूरहून परत आला तो ह्याच काळात. क्षय मेंदूत शिरला होता; जीव वाचला. पण हाक मारली तर वळेना. आजारानं गेले की औषधानं, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, पण दोन्ही कान गेले. नुकता कुठं बोलायला लागलेला पोरगा हळूहळू गप्प झाला.

दोन महिने भरले. मोजणीवाले आले, नंदाला दुसऱ्यांदा टोचलं. "तीन दिसांनी येतो. कुठं धाडू नका," असं चारदा बजावून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सोसायटीतून घरी आलो तर घर रिकामं. आबा अंगणात बसले होते.

"सून माहेरला गेली, सास्तूरला. पोरीला घिऊन," ते म्हणाले. "लई रडत व्हती. म्हणली, शांताबाईच्या पोराचं बघितलं, आता मला काय बघायचं न्हाय. गावाला बी काय दावायचं न्हाय."

तेवढ्यात मोजणीवाले दारात. मी सांगितलं. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला क्षणभर त्यांचीच काळजी वाटली. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"चला," म्हणाले.

मुरुमपर्यंत दुधाच्या गाडीनं, पुढं एसटीनं. फाट्यावर उतरलो आणि चालायला लागलो. उन्हानं रस्त्यावरची माती पांढरी पडली होती. दोन्ही बाजूंना नांगरून नुसतीच पडलेली काळी रानं. ते माझ्या पुढं भराभर चालत होते, मध्येच थर्मास सावरत होते. त्या दिवशी थर्मासचं काही काम नव्हतं, तरी तो गळ्यात होताच.

मी त्यांना विचारलं, "साहेब, तुम्ही एवढं भिता. तुमच्या घरात कुणाला झाला होता का?"

"न्हाय."

"नातलगांत?"

"कुणालाच न्हाय." ते थांबले, घाम पुसला. "घरात झाल्यावरच भ्यायचं असतं व्हय, सेक्रेटरी?"



सास्तूरला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. विमल आम्हाला बघून आत पळाली. तिच्या आईनं दारातच तोंड सोडलं, पण मोजणीवाले खाली अंगणात मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आई, मला पाणी द्या. मग लेकराचा हात दावा. मग म्या जातो." पाणी आलं. ते प्याले. थोड्या वेळानं विमल नंदाला कडेवर घेऊन बाहेर आली. पोरीच्या हाताला तिनं फडकं बांधलं होतं.

त्यांनी फडकं सोडलं. मला लाल दिसलं. पण लालीचा काही अर्थ नसतो, हे मला आता माहीत होतं, म्हणून मी त्यांच्या बोटाकडं बघत राहिलो. बोट कडेनं निघालं. नंदाला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली. बोट थांबलं. टिंब. पलीकडून पुन्हा निघालं, आणि लवकर थांबलं. मला वाटलं, फार लवकर थांबलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. बोट मागे नेऊन पुन्हा त्याच वाटेनं आणलं, ते पुन्हा तिथंच थांबलं. मग पट्टी काढली.

"चौदा," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की विमलला ऐकूच गेलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला कळलं. ती नंदाला मांडीवर घेऊन खाली बसली.

"बाई, हिकडं बघा," ते तिला म्हणाले. "पोरगी खेळती. जेवती. ताप न्हाय. आपल्याला ते लवकर घावलंय. शांताबाईच्या पोराचं मला घावलं न्हाय, हिचं घावलंय. उद्या उमरग्याला छातीचा फोटू काढू आन् गोळी चालू करू. वरीसभर रोज. एक दिस बी चुकवायचा न्हाय. आता भ्यायचं काम माझ्याकडं द्या. गोळीचं तुमी बघा."

विमल रडत रडतच उठली आणि पोरीचे कपडे बोचक्यात बांधायला लागली.

फोटो साफ निघाला. गोळी सुरू झाली. गुळाच्या खड्यात दाबून विमल रोज सकाळी ती नंदाला द्यायची आणि तोंड उघडून बघायची.

परत आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मी अर्ध्या बाहीचा सदरा घातला. सोसायटीत रांग लागली होती. मी उभा राहून सांगितलं, की आबांना क्षय आहे, सहा महिने मी लपवला, माझ्या हाताला गाठ आहे, नंदाच्या हाताला नवी आली आहे. ज्याला माझ्या हातून दूध मापून नको असेल, त्यानं सांगावं. दोघंतिघं किटल्या उचलून निघून गेले. चेअरमनना निरोप गेला आणि ते तावातावानं आले. मोजणीवाले ओसरीतच बसले होते. त्यांनी चेअरमनना हात पुढं करायला सांगितलं. "तुमाला टोचतो. तीन दिसांनी गाठ आली, तर तुमच्या बी घरचं दूध बंद करू." चेअरमननी दोन्ही हात पाठीमागं घेतले. रांगेत कुणीतरी हसलं. दूध बंद करायची गोष्ट तिथंच संपली.

संध्याकाळी मी शांताबाईच्या घरी गेलो. ती बाळूला भाकरी कुस्करून देत होती. मी म्हणालो, चूक झाली. सोसायटीच्या योजनेतून म्हैस मिळवून द्यायचा अर्ज मी स्वतः भरतो.

तिनं मान वर केली नाही.

"माझ्या घरात आला तवा रोग व्हता. तुमच्या घरात आला तवा नुसती गाठ झाली, व्हय दादा?"

अर्ज मी भरला, म्हैस आली. ती पुन्हा दूध घालायला लागली, किटली पुढं करायची, माप बघायची आणि जायची. मला दादा म्हणायचं मात्र तिनं त्या दिवसापासून सोडलं. मोजणीवाल्यांना तिनं दार उघडलं. राहिलेल्या दोन पोरांना त्यांनी टोचलं. मधल्या मुलीला नवी गाठ निघाली. तिलाही वर्षभर गोळी चालली, आणि तिला काही झालं नाही.

आबा आणखी सहा वर्षं जगले, आणि गेले ते म्हातारपणानं. नंदाचं वर्ष पूर्ण झालं, त्या दिवशी मोजणीवाल्यांनी गोळ्यांची रिकामी डबी हातात घेऊन उलटी करून बघितली. विमलनं शिरा केला होता. त्यांनी तो खाल्ला आणि विचारलं, "घाम येतो का हिला झोपंत?" नाही म्हटल्यावर पुन्हा चमचा उचलला.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांची बदली दूरच्या जिल्ह्यात झाली. मी उमरग्याच्या स्टँडवर त्यांना पोचवायला गेलो. त्यांच्या जागेवर अजून कुणी आलेलं नव्हतं. त्यांनी मला एक कागद दिला, त्यावर चार घरांची नावं होती. "ह्यांची दुसरी खेप ऱ्हायलीय. तुमाला टोचता येणार न्हाय, पर मुरुमला धाडता येईल. धाडाल ना?" धाडीन म्हटलं. "तारखा लिवल्यात," ते म्हणाले, आणि कागद परत घेऊन तारखा पुन्हा एकदा तपासल्या.

गाडी लागली. आत एका खिडकीशी एक म्हातारा फडक्यात तोंड खुपसून खोकत बसला होता. तो खोकला मला बाहेरून ओळखू आला. त्याच्या शेजारची, पुढची, मागची माणसं उठून दुसरीकडं जाऊन बसली होती. गाडीत जागा पुष्कळ होती. मोजणीवाले पेटी सांभाळत आत शिरले, एकदा सगळ्या गाडीवरून नजर फिरवली आणि त्या म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसले. हात लांबवून त्याच्या खिडकीची काच पूर्ण उघडली आणि त्याच्याकडं वळून बोलायला लागले. माझ्याकडं पाहायचं त्यांना भान राहिलं नाही.

गाडी हलली. मी निरोपाचा हात वर केला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या खिडकीची काच उघडल्यापासून मी दोन पावलं मागे सरून उभा होतो.